चोवीस माणसं आणि त्यांचा दुसरा हप्ता

पत्र :

ताई, मी कराड तालुक्यातली. वय ३३, शिक्षण बारावी, दोन मुलं. मिस्टर तासवडे एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहेत. पाच महिन्यांपूर्वी परीक्षा पास होऊन मला एलआयसीचा बीमा सखीचा, म्हणजे महिला एजंटचा, कोड मिळाला. आतापर्यंत सहा पॉलिसी झाल्या. त्यातल्या चार घरातल्याच आहेत : आई, भाऊ, दीर आणि नणंद. नणंदेचा पहिला हप्ता मीच भरला. ती म्हणाली, ‘टार्गेट तुझं आहे, मग तूच भर.’ सुरुवातीला शंभर नावांची यादी करायला सांगितली होती, ती केली. पण आता फोन केला की माणसं उचलत नाहीत. हळदीकुंकवाला गेले तर बायका ‘आली पॉलिसीवाली’ म्हणून हसतात. व्हॉट्सअ‍ॅपला रोज स्टेटस टाकते, काही उपयोग नाही. माझ्याबरोबरची एक जण म्हणते, उरलेल्यांचा पहिला हप्ता आपणच भरायचा, एलआयसीचा स्टायपेंड (दरमहा मानधन) मिळतोय तोवर परवडतं. तसं करू का? खरे ग्राहक आणायचे कुठून? आणि कार्ड छापून घेऊ का?
— एक बीमा सखी

उत्तर :

हप्त्याचं आधी सांगते. नाही. कुणाचाही पहिला हप्ता तू भरायचा नाहीस. नणंदेचा भरलास तेवढा पुरे.

एक तर ते बेकायदा आहे. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे पॉलिसी घ्यावी म्हणून एजंटने कमिशनमधून किंवा हप्त्यात सूट देणं गुन्हा आहे, आणि ती सूट घेणंही. दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसीच्या अर्जावर, हे कलम छापलेलं असतं. पुढच्या वेळी कुणी ‘पहिला तू भर’ म्हणालं तर फॉर्म उलटा करून ते दाखव. वाद घालण्यापेक्षा छापलेलं दाखवलेलं बरं, माणसं छापलेल्याला मानतात.

दुसरं कारण हिशेबाचं आहे, आणि तुझ्या मैत्रिणीने तो केलेला दिसत नाही. तुला पहिल्या वर्षी महिन्याला ७,००० रुपये स्टायपेंड मिळतो, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,०००. त्यासाठी वर्षाला २४ लाइव्ह्ज लागतात, म्हणजे २४ वेगवेगळी माणसं. एकाच दिराच्या नावावर दोन पॉलिसी काढल्या तरी दीर एकच. शिवाय बोनस कमिशन सोडून ४८,००० रुपये पहिल्या वर्षाचं कमिशन व्हावं लागतं. आता खरी मेख अशी, की दुसऱ्या वर्षीचा स्टायपेंड मिळायला पहिल्या वर्षी केलेल्यांपैकी ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात. २४ चे ६५ टक्के म्हणजे १६. नऊ बंद पडल्या की राहतात पंधरा, आणि तिथे घोडं अडतं. जिने पहिला हप्ता स्वतः भरला नाही ती दुसरा कशाला भरेल? तेराव्या महिन्यात तुझी मैत्रीण एक तर पुन्हा खिशात हात घालेल, नाहीतर पॉलिसी बंद पडताना बघत बसेल.

म्हणून कुणाच्याही दारात पाऊल टाकण्याआधी मनात एकच प्रश्न ठेव : हे माणूस दुसरा हप्ता भरेल का? पहिल्या हप्त्याला तोंडदेखलं ‘हो’ म्हणणारे ढीगभर मिळतात.

तुझी शंभर नावांची यादी फाडू नकोस, पण ती अर्धवट आहे. ती तुझ्या ओळखीच्या माणसांची यादी आहे. त्यात विम्याची गरज कुणाला, हे कुठेच नाही. आज संध्याकाळी वही घेऊन बस आणि प्रत्येक नावापुढे लिही : याच्या कमाईवर कोण कोण जगतं, याच्या हातात पैसा कधी येतो, याच्या डोक्यावर कर्ज किती. बऱ्याच नावांपुढे तुला काहीच लिहिता येणार नाही. त्या माणसांना तू फोन करत होतीस! ते उचलत नाहीत यात त्यांचा काय दोष. ज्यांच्यापुढे तिन्ही रकाने भरता आले त्यांच्याकडे जायचं, आणि तेही फोनवरून नाही.

आता ग्राहक कुठून आणायचे ते. नवे ग्राहक जुन्या पॉलिसींमधून निघतात, असं मी ठामपणे सांगते. तुमच्या साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी १९१३ साली काढली. १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात ती एलआयसीत गेली. सांगायचा मुद्दा असा, की तुमच्या भागात विमा ही काही नवी गोष्ट नाही, पणजोबांच्या काळापासून माणसं पॉलिसी काढत आलीत. बऱ्याच घरांत एखादा जुना बॉन्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, निघतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो विकणारा एजंट पुन्हा फिरकलेला नसतो. कुणी वारला, कुणी धंदा सोडला, कुणी पुण्याला गेला.

तर घरात जाऊन म्हण, ‘काकी, तुमच्या जुन्या पॉलिसी असतील त्या दाखवा, मी बघून देते. नवं काही काढायला सांगायला आले नाही.’ आणि त्या दिवशी खरोखरच सांगायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारे एजंट लोकांनी भरपूर पाहिलेत, म्हणून तर तुला बघून हसतात.

कपाट उघडतं. खालच्या खणातून साडीच्या दुकानाची पिशवी निघते, रबर लावलेली. त्यात रेशनकार्ड, पतसंस्थेच्या ठेवीच्या पावत्या, पोराचा जन्मदाखला, आणि मध्येच घडीवर पिवळा पडलेला बॉन्ड. तो उलगडून काय बघायचं? सगळ्यात आधी नॉमिनी. पॉलिसी लग्नाआधी काढलेली असेल तर नॉमिनी आई असते, आणि आई जाऊन सहा-सात वर्षं झालेली असतात. बायकोचं नाव लावायला एक अर्ज लागतो, तो कुणी केलेला नसतो. मग शेवटचा हप्ता कधी भरला ते. बंद पडलेली पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून साधारण पाच वर्षांच्या आत चालू करता येते, आणि एलआयसी अधूनमधून रिव्हायव्हलची मोहीम काढते तेव्हा विलंब शुल्कात सवलत असते. मग मुदत. मुदत संपून गेलीय पण पैसे घेतलेले नाहीत, असेही बॉन्ड निघतात. खातं बदललं, पत्ता बदलला, बँकेचा तपशील दिलाच नव्हता, कारणं काहीही असतात. दहा वर्षं कुणी मागितली नाही तर ती रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथून नंतरही मागता येते, पण हेलपाटे वाढतात. एलआयसीच्या वेबसाइटवर पॉलिसी नंबर, नाव आणि जन्मतारीख टाकून अशी रक्कम शोधता येते. मोबाइल तुझ्याकडे आहेच.

मास्तर, एसटीतले वाहक-चालक, झेडपीचे कर्मचारी यांच्याकडे वेगळंच दुखणं सापडेल. हप्ता पगारातून कापला जातो म्हणून ते निर्धास्त असतात. पण बदली झाली की एखाद-दोन महिने कपात होत नाही, गॅप पडतो, आणि तो मुदतीच्या वेळी व्याजासकट वजा होऊन समोर येतो. पगारपत्रकं घेऊन शाखेतून गॅपची चौकशी करून दे. हे किचकट काम आहे, कुणी हात लावत नाही, म्हणूनच तू लाव. एका शाळेतल्या एका मास्तरांचं काम केलंस की स्टाफरूममध्ये तुझं नाव आपोआप जातं.

या कामाचं कमिशन तुला मिळणार नाही, हेही ऐकून ठेव. चालू केलेल्या पॉलिसीचं कमिशन ज्याच्या कोडवर ती आहे त्याला जातं. आणि जुना एजंट गावात असेल, काम बघत असेल, तर ‘त्यांनाच सांगा’ म्हणून निघून यायचं. जुनी पॉलिसी मोडून नवी काढायला लावणं तर अजिबात नको. त्यात ग्राहकाचं नुकसान ठरलेलं, आणि गावात असली गोष्ट महिनाभर चघळली जाते.

जुनी पॉलिसी नसलेली घरंही असतातच. तिथे पासबुक माग. मे अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, दोन लाखांचं संरक्षण. २० रुपयांची नोंद असेल तर ती अपघात विम्याची. पुष्कळांना आपलं हे चालू आहे हेच ठाऊक नसतं, आणि माणूस गेल्यावर बायको बँकेत मागायला जात नाही. नसेल आणि वय पन्नासच्या आत असेल तर बँकेत जाऊन सुरू करायला सांग. शेतकऱ्याचा अपघातात, सर्पदंशाने, शॉक लागून मृत्यू झाला तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे योजनेत दोन लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी कार्यालयात, तोही तीस दिवसांत. दिवसकार्यात ते तीस दिवस कसे निघून जातात ते तू पाहिलं असशीलच. यातही तुला दमडी मिळत नाही. पण चार घरांना हे सांगितलंस की पाचव्या घरी तुला चहा मिळतो आणि प्रश्न तेच विचारतात : ‘दोन लाखांत काय होतंय गं? याच्यावर काय काढता येईल?’ मग विषय काढ. विकास सोसायटीचं कर्ज किती आहे, ट्रॅक्टरचे किती हप्ते उरलेत, पोरगी कितवीला. एवढी बेरीज त्यांच्यासमोर कर आणि गप्प बस. ‘उद्या तुम्हाला काही झालं तर’ हे वाक्य वापरू नकोस. आकडे बघून माणसाला ते कळतं, आणि घरातली म्हातारी माणसं ते अभद्र बोलणं विसरत नाहीत.

हप्त्याची वेळ. इथे नवे एजंट फार चुकतात, आणि दुसऱ्या हप्त्याचं सगळं गणित इथेच आहे. तुमच्याकडे पैसा उसाने येतो आणि दुधाने येतो. उसाचं बिल कायद्याने १४ दिवसांत मिळायला हवं, प्रत्यक्षात कधी मिळतं ते तुझ्या सासऱ्यांना विचार. अशा घराला वार्षिक हप्ता, आणि तोही बिल जमा होतं त्या सुमारास येईल असा. ऑगस्टमध्ये त्या माणसाकडे खताचे पैसे नसतात, त्याला तू जोरात येऊन ऑगस्टमध्ये पॉलिसी दिलीस तर पुढच्या ऑगस्टला ती बंद. थांब. बिलापर्यंत थांबलीस तर तुझा एक आकडा उशिरा लागेल, पण टिकेल. डेअरीला दूध घालणाऱ्या बाईला दर दहा दिवसांनी बिल मिळतं, तिला तिमाही सोपं जातं. मासिक हवं असेल तर ते बँकेतून आपोआप कापून घ्यावं लागतं. मग कोणत्या तारखेला खात्यात पैसे असतात ते तिला आधी विचार. खात्यात शिल्लक नसली की बँक वर दंड लावते आणि बाई तुझ्यावर चिडते. मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस १५ असतात, बाकीच्यांना ३०. हे तोंडी सांगायचं आणि लिहूनही द्यायचं.

बचत गटाकडे जा, तुला जायला तिथे पुरुष एजंटांपेक्षा सोपं आहे. पण अध्यक्षांना आधी विचारून, मासिक सभेत हिशेब आटोपल्यावर दहा मिनिटं मागून. आणि त्या दहा मिनिटांत पासबुकातल्या नोंदी आणि नॉमिनी एवढंच. गटात एक धोका असतो. एकीने काढली की दहाही जणी तीच, तेवढ्याच रकमेची काढतात, लाजेकाजेस्तव. तुला एकदम दहा लाइव्ह्ज मिळाल्याचा आनंद होतो. पुढच्या वर्षी एक म्हणते ‘मी नाही भरत बाई’, आणि दहाही बंद पडतात. म्हणून गटात फॉर्म भरायचे नाहीत. जिला हवं तिच्या घरी जायचं, नवऱ्यासमोर, एकेकटीकडे.

‘ह्यांना विचारून सांगते’ हे तुला सारखं ऐकू येत असेल. याला नकार समजू नकोस आणि ‘तुमचे पैसे, तुम्ही ठरवा’ असा डोसही पाजू नकोस. ‘ते घरी कधी असतात?’ एवढंच विचार आणि त्या वेळी जा. संध्याकाळी सात-साडेसातला, जेवणाआधी. नवरा जे प्रश्न विचारेल तेच ती पुढच्या वर्षी हप्त्याच्या वेळी ऐकणार आहे, त्यांची उत्तरं आज देऊन टाकलेली बरी. ‘बघू’ म्हणणाऱ्याकडे एकदा पुन्हा जायचं. दोनदा ‘बघू’ म्हणाला की तो नकार, वहीत तशी खूण करून पुढे.

फॉर्म भरताना काय करतेस ते पत्रात नाही, म्हणून विचारते. तब्येतीचे रकाने तू स्वतःच ‘नाही, नाही, नाही’ भरत नाहीस ना? सगळ्यात सोपं उदाहरण तंबाखूचं. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की बाई ठाम ‘छे!’ म्हणते. ‘आणि मिश्री?’ ‘ती होय, ती सकाळी एकदा लावते.’ मिश्री म्हणजे तंबाखूच, ते लिहायचं. साखरेची गोळी चालू असेल ती लिहायची. हप्ता थोडा वाढेल, तपासणी लागेल, क्वचित प्रपोजल परतही येईल. पण पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी चौकशी करते, आणि लपवलेलं निघालं की क्लेम अडकतो. कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कुठल्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही, म्हणून ही पहिली तीन वर्षं. एक क्लेम नाकारला गेला की त्या गावात तुझं काम संपलं. बॉन्ड मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, हेही तूच आधी सांग. नव्या एजंटना वाटतं, सांगितलं तर परत करतील. ज्यांना परत करायचीय ते दुसरा हप्ता तसाही भरणार नव्हते.

आता तुझी वाट बिकट आहे हे मान्य करूनच आकडे मांडते. सहा झाल्या, अठरा उरल्या, महिने सात. महिन्याला अडीचहून थोडी जास्तच माणसं. ४८,००० भागिले २४ म्हणजे माणशी सरासरी २,००० रुपये कमिशन पडायला हवं. नुसत्या लहानलहान पॉलिसी करून हे जमणार नाही. म्हणून बचत गटाच्या जोडीने मास्तर, नर्स, एमआयडीसीतले कायम कामगार आणि कराडच्या बाजारपेठेतले दुकानदार यांच्याकडेही वळ. दुकानदाराला एक गोष्ट विचारून बघ, पुष्कळांना ती माहीत नसते : १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नवऱ्याने स्वतःची पॉलिसी बायको-मुलांसाठी काढली, तर धंद्यातल्या कर्जापोटी घेणेकऱ्यांना त्या पैशावर हात टाकता येत नाही. हे प्रपोजलच्या वेळीच करावं लागतं. धंदेवाईक माणूस हे ऐकून हातातलं काम थांबवतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, हेही दुकानदाराला सांगायला विसरू नकोस. जीएसटीचा विषय निघाला की तो स्वतःहून दहा मिनिटं बोलतो.

स्टेटस बंद कर. गुलाबाच्या फुलावर सुविचार आणि खाली एजंटचा नंबर, हे मलाही रोज येतं, आणि मी ते उघडत नाही. ‘रोज शंभर रुपये भरा, लाखो मिळवा’ तर टाकूच नकोस, त्यात हिशेब खोटा असतो. टाकायचंच तर जूनच्या सुरुवातीला एकदा टाक : ‘पासबुकात ४३६ ची नोंद आहे का बघा.’ हळदीकुंकवाला वाण घ्यायला जा, तिळगूळ खा, घरी ये. तिथे विषय निघालाच तर ‘उद्या घरी येते’ म्हण.

नणंदेचं राहिलं. तिला आत्ताच, सणासुदीची गर्दी नसताना, सरळ सांग की पहिला मी भरला, पुढचा तुझा, आणि त्याची तारीख ही. भरणार नसशील तर आत्ता सांग. ती चार शब्द ऐकवेल, ऐकून घे. ‘भरते’ म्हणाली तरी वहीत तिला सोळात धरू नकोस. आई, भाऊ आणि दिराला मात्र हप्त्याच्या महिनाभर आधी परक्या ग्राहकासारखीच आठवण कर. घरचे आहेत म्हणून आपण विचारत नाही, आणि बंद पडणाऱ्या पॉलिसींत घरच्याच जास्त निघतात.

कार्ड छाप. पण शंभरच, आणि मराठीत. नाव, गाव, कोड नंबर, आणि मोबाइल नंबर म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा. नोटांचं चित्र नको, हसऱ्या कुटुंबाचा फोटो नको. मागची बाजू कोरी ठेवायला सांग आणि गुळगुळीत कागद घेऊ नकोस, त्यावर पेन उठत नाही. त्या कोऱ्या बाजूवर तू त्या घरातल्या जुन्या पॉलिसीचा नंबर, हप्त्याचा महिना आणि नॉमिनीचं नाव लिहून द्यायचं आहेस, म्हणजे कार्ड त्या साडीच्या पिशवीत बॉन्डबरोबर जाईल.